कडेचं भात

फॉर्मचा सहावा रकाना तेवढा रिकामा होता. बाकीचे पंधरा मंदाने सकाळचा चहा व्हायच्या आत भरून टाकले होते. गाव शिरगाव, तालुका पालघर, जिल्हा ठाणे. जमीन खार. दाण्याचा रंग तांबूस. समुद्राचं पाणी शेतात उभं राहिल्याचे दिवस, तीन. सहाव्या रकान्यात विचारलं होतं ‘वाणाची निवड करणाऱ्याचे पूर्ण नाव’, आणि उत्तरासाठी जेमतेम दीड इंच जागा सोडली होती.

चुरी घराण्यात अक्षर चांगलं असं एकट्या मंदाचंच. त्यामुळे गेली तीस वर्षं घरातले जन्म, मृत्यू, रॉकेल आणि विजेचं मीटर हे सगळं सरकारला तिच्याच हातून कळत आलं होतं. तिचं लग्न झालं नाही याची कारणं नातेवाईक निरनिराळी सांगत. भाऊ कृष्णकांतच्या मते ती सासरी गेली असती तर घरातला एकही अर्ज वेळेवर गेला नसता, म्हणून देवानेच ते लांबवलं.

ओटीवरच्या आरामखुर्चीत बाबा बसले होते. आत्माराम चुरी, वय अठ्ठ्याहत्तर. छातीत पाणी धरलं होतं. पुढच्या पावसात लावणी बघतील की नाही, सांगता येत नाही, असं पालघरचे डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांनाच विचारलं, “लावणी कोणत्या भाताची?”

कारण भात उरलंच नव्हतं. नारळी पौर्णिमेच्या उधाणात उघाडीजवळ, शेतातलं पाणी सोडायच्या दाराशी, बांध फुटला आणि सात एकर खारात समुद्र आत आला. तीन दिवस तो पाहुण्यासारखा राहिला, आणि गेला तेव्हा मागे पिवळं, मग तपकिरी, मग काळं पडत गेलेलं शेत ठेवून गेला. बाबांनी स्वतः निवडून तयार केलेलं ‘आत्माराम-९’ भात त्यात संपलं. शेजारच्यांचं दुकानातून आणलेलं सुधारित बियाणंही संपलं. मीठ कुणाचं शिक्षण विचारत नाही.

सगळं मेल्यावर पश्चिमेच्या टोकाला, बांधाला चिकटलेला नऊ गुंठ्यांचा तिकोनी कोपरा तेवढा हिरवा राहिला. जिवलीचा कोपरा. चुऱ्यांच्या कापणीला येणारी जिवली तेवढा तुकडा स्वतःसाठी कसायची.

पंचनाम्याला आलेल्या माणसांबरोबर भात संशोधन केंद्राचे एक तरुण साहेब होते. ते त्या कोपऱ्यापाशी थांबले, वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. आज ते परत येणार होते, अकरा वाजता. आणि आजच घरात नवं होतं, नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण दाराला बांधायचा दिवस. म्हणून बोईसरहून कृष्णकांत आणि त्याची बायको सुलू आले होते आणि तारापूरच्या कॉलनीतून धाकटा प्रताप.

“फॉर्म झाला का, ताई?” कृष्णकांतने स्कूटर वळचणीला लावता लावता विचारलं.

“एक रकाना राहिलाय.”

“बाबांचं नाव टाक आणि मोकळी हो.”

“बाबांनी निवडलेलं नाही ते.”

“हे बघ,” कृष्णकांत ओटीच्या कडेवर बसला. औद्योगिक वसाहतीत तो रिकाम्या पिंपांचा व्यापार करायचा आणि बोलतानाही समोरचं पिंप वाजवून बघितल्यासारखा बोलायचा. “जिवलीला बियाणं कुठून आलं? तिच्या सासूकडून. सोमीला कुणी दिलं? आपण. म्हणजे बियाणं बाबांचं. गणित संपलं.”

“दहा,” खुर्चीतून आवाज आला.

सगळे वळले. बाबा डोळे मिटूनच बोलत होते. “आत्माराम-दहा. नऊ बुडलं. हे दहा.”

बाबांच्या प्रयोगांचा या घराला सराव होता. अठ्ठावन्न साली त्यांनी चिमण्या उडवायला शेतात ग्रामोफोनचा कर्णा लावला होता, वाऱ्यावर आपोआप वाजणारा. चिमण्या त्यात बसू लागल्या. मुरब्याचे कोळी मात्र कुणीतरी संकटात आहे असं समजून दोनदा होड्या घेऊन आले. सहासष्ट साली केळी लवकर पिकवायची खोली केली, केळी शिजली. चौऱ्याहत्तर साली बसून बेणणी करायची चाकांची खुर्ची बनवली, तिच्याखाली गवतापेक्षा भातच जास्त मेलं. प्रत्येक प्रयोग वहीत, तारखेसकट. आणि प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी तेच वाक्य: ‘सुधारणेस वाव आहे.’ अशा चौदा वह्या होत्या.

भाताचा प्रयोग सगळ्यांत जुना. चाळीस वर्षं दर कापणीला बाबा स्वतः शेताच्या बरोबर मध्ये उभे राहत आणि सगळ्यांत भरलेल्या, सगळ्यांत देखण्या लोंब्या हाताने निवडत. अकरा तोरणाला, बाकीच्या बियाण्याला. बांधातून खार झिरपतो, म्हणून बांधालगतचं भात खुजं आणि अर्धं पोचट. त्याला ‘कडेचं’ म्हणत. ते घरात आणायचं नाही, कापणाऱ्यांना द्यायचं, अशी चुऱ्यांची पद्धत. मजुरीतलं निम्मं मधलं, निम्मं कडेचं. सोमीच्या ओच्यात कडेच्या पेंढ्या टाकायचं काम मंदा दहा वर्षांची असताना तिच्याकडे होतं. ती मोठ्या प्रामाणिकपणे चाळून चाळून वाईटातल्या वाईट टाकायची. बाबांनी तेव्हा तिचं कौतुकही केलं होतं.

“तोरणाचं काय करायचं?” सुलूने आतून विचारलं. ती आंब्याची पानं घेऊन खोळंबली होती. “लोंब्या कुठाहेत?”

आत्ता कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. सात एकरांत अकरा लोंब्या नव्हत्या.

“विकत मिळतात का?” प्रतापने विचारलं. अणुकेंद्रात तो काट्यांकडे बघायच्या कामावर होता. काटा कुठे असायला हवा हे त्याला माहीत असे. नसला तर वरच्यांना कळवायचं, एवढंच त्याचं शिक्षण.

“जिवलीकडे असतील,” मंदा म्हणाली.

चाळीस वर्षं ज्या घराला कडेचं दिलं, त्या घराकडे आता दाराच्या तोरणासाठी हात पसरायचा होता.

“मी जाते,” सुलू म्हणाली. “तुम्ही कुणी गेलात तर भाषण कराल.”

ती गेली, आणि कृष्णकांतने खिशातून घडी केलेला नकाशा काढला. मंदाला तो पाठ होता. सात एकरांत निळ्या पेन्सिलीने सहा चौकोन. मुंबईची एक कंपनी कोळंबीची तळी करणार होती. त्यांना जमीन चौकोनी हवी होती, कोपऱ्यासकट.

“ताई, समुद्र आत आलाच आहे. त्याला ‘बस’ म्हणू. कोळंबी जपानला जाते. आपलं भात कधी पालघरच्या पुढे गेलंय?”

“जिवलीचं काय?”

“तळ्यावर कामाला लावू तिला. महिन्याचा पगार, हजेरी. मी काय राक्षस आहे?” तो खरंच दुखावला होता. “पण सहाव्यात तिचं नाव गेलं की मागच्या पानावरची अट लागते. वाचलीस ना?”

वाचली होती. निवड करणारा जी जमीन कसतो, त्याच जमिनीवर पाच वर्षं चाचणी, तोवर जमिनीत बदल नाही, मालकाने सही करावी. बाबांचं नाव घातलं तर चाचणी घरामागच्या गुंठाभर जागेत उरकता आली असती. जिवलीचं घातलं तर कोपरा राहणार होता. जिवलीचं सगळं त्या दीड इंचात होतं, आणि पेन मंदाच्या हातात.

“तूच शाळेत शिकवतेस ना,” कृष्णकांत म्हणाला, “जो बदलतो तो टिकतो.”

मंदा शिरगावच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवत होती. उत्क्रांतीचा तक्ता तिच्याच वर्गात टांगलेला. वानरापासून माणसापर्यंत पाच आकृत्या. पाचवी वाळवीने खाल्लेली. त्यामुळे शिरगावात उत्क्रांती चौथ्यावर थांबली होती आणि मुलं परीक्षेत तसंच लिहीत.

विहिरीपाशी प्रतापने तिला गाठलं. “ताई, लिही ना बाबांचं. किती राहिलंय त्यांचं? चौदा वह्या भरल्या माणसाने. एकदा तरी काहीतरी लागू पडल्याचं बघून जाऊ दे. जिवलीचं मी बघतो. तिला काहीतरी घेऊन देतो.”

“काय?”

प्रताप विचारात पडला. “ट्रान्झिस्टर?”

मंदाला हसू आलं नाही. कारण वहीतलं ते वाक्य तिच्याच अक्षरात होतं. सहावीत होती तेव्हापासून बाबा सांगायचे आणि ती लिहायची. सुधारणेस वाव आहे. हे वाक्य न लिहिता एक तरी पान संपावं असं तिला किती वर्षं वाटत होतं, ते तिलाच माहीत. दीड इंचात ‘आत्माराम गोविंद चुरी’ व्यवस्थित बसतं, हेही तिने सकाळीच पेन्सिलीने करून बघितलं होतं आणि खोडलं होतं.

सुलू परत आली ती ओंजळभर लोंब्या घेऊन. मोजून अकरा. टपोऱ्या, लांब, तांबूस.

“न मागता चांगल्या चांगल्या दिल्या तिनं,” सुलू म्हणाली. पण तिचा चेहरा कसलंतरी कोडं घेऊन आल्यासारखा दिसत होता.

बाबांनी एक लोंबी हातात घेतली. दाणा दातांनी फोडला, बोटावर घासला, उजेडात धरला. डोळे भरून आले त्यांचे. “बघ, मंदे. काय भरलेत. मधल्या भाताचं वळण हाय हे. माझंच हाय.”

“मग झालं तर,” कृष्णकांत म्हणाला. तोरण बांधलं गेलं. दारावर अकरा लोंब्या हलू लागल्या आणि घर जरा घरासारखं दिसू लागलं.

अकराला केंद्राची जीप आली. साहेब जळगावकडचे होते. भातावर डॉक्टरेट घेतली होती, पण भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही असं त्यांनी गेल्या खेपेला कबूल केलं होतं. ओटीवर बसून सही घेतली असती तरी त्यांचं काम झालं असतं. बाबा म्हणाले, “शेतात जाऊ.”

“बाबा, तुम्हाला चालवत नाही,” प्रताप म्हणाला.

“खुर्ची काढ.”

चौऱ्याहत्तर सालची खुर्ची गोठ्यातून काढली गेली. सायकलची चाकं, फणसाची फळी, मागे ढकलायला दांडा. तिचा एकच दोष होता: ती फक्त डावीकडे वळायची. सुदैवाने कोपऱ्याकडे जायला एकच वळण होतं आणि ते डावीकडेच होतं. अठरा वर्षांनी खुर्ची पहिल्यांदा उपयोगी पडत होती, आणि बाबा तीत असे बसले होते जणू ती त्यांनी याच दिवसासाठी बनवली होती. प्रताप ढकलत होता. दोन्ही बाजूंना काळं पडलेलं भात उभं होतं. वारा आला की जुन्या केरसुणीसारखं वाजायचं. बाबा त्याच्याकडे बघत नव्हते.

कोपऱ्यात जिवली विळा घेऊन उभी होती. चाळिशीची असेल. नवरा बुधा कापणीआधीच वसईकडच्या वीटभट्टीवर गेलेला. पाहुणे बघून तिने विळा पाठीमागे धरला.

“राम राम, शेट. खुर्चीत कशे आले?”

“ढकलत आणला,” बाबा म्हणाले. “जिवले, हे साहेब विचारतील ते सांग. बिनधास्त.”

साहेबांनी वही उघडली. “बियाणं कसं ठेवता, बाई?”

“ठेवतू. कसं म्हंजे? लोंब्या काढून.”

“कोणत्या लोंब्या? भरलेल्या? मोठ्या?”

“मोठ्या कशाला?” जिवलीला प्रश्नच विचित्र वाटला. “मोठ्या तर सुलूबायला दिल्या तोरणाला. त्या हिकडल्या, गोड्या बाजूच्या. त्या खायला नायतर देवाला. बी हाय ते तिकडं.” तिने विळ्याने बांधाकडे दाखवलं.

तिकडे, फुटून पुन्हा भरलेल्या बांधाच्या पायथ्याशी, मातीवर पांढरा फेर दिसत होता. तिथलं भात गुडघ्याच्याही खाली. लोंब्या आखूड, दाणे बारीक, पण उभ्या. मंदाने तिच्या लहानपणी सोमीच्या ओच्यात टाकल्या होत्या त्या अशाच.

“ती खुजी?” साहेब म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “ती का ठेवता?”

“सासू सांगायची. गोड्यातलं भात काय, कोणपण जगतं. खारात जे मेलं नाय ते ठेव. तिनं पयल्यांदा पेरलं तवा पसाभर आलं होतं. सगळं मेलं, पसाभर ऱ्हायलं. ते पेरलं. मग दोन पसे आलं.” ती थांबली. “मी काय निवडत नाय, साहेब. खार निवडतो. आमी फक्त त्याचं ऐकतू.”

बावीस वर्षं मंदा मुलांना जिराफ शिकवत आली होती. शिरगावात कुणी जिराफ पाहिलेला नव्हता, तिनेही नाही. मान ताणून ताणून लांब झाली नाही, असं ती फळ्यावर लिहायची. आखूड मानेचे मेले, लांब मानेचे राहिले. बदललं कुणीच नाही, उरले ते उरले. आणि रोज शाळेत जाताना ती या बांधावरून जायची. डाव्या हाताला नऊ गुंठ्यांत तेच चाललेलं असायचं, आणि ती खाली बघून चालायची, चिखलात पाय पडू नये म्हणून.

“पण हे योगायोगाने झालं, नाही का?” कृष्णकांत साहेबांना म्हणाला. “पुढे कुणी लिहून ठेवलेलं नाही, नोंद नाही. शास्त्र म्हणजे नोंद लागते. नोंद बाबांच्या वह्यांत आहे. चौदा वह्या.”

साहेब गोंधळले. त्यात तथ्य होतं. त्यांच्या तोंडावर नोंद नसल्याचं दुःख स्पष्ट दिसलं.

“नोंद आहे,” सुलू म्हणाली.

कृष्णकांतने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं जशी आजवर त्याने फक्त गळणाऱ्या पिंपाकडे टाकली होती.

“तिच्या घरात चुलीवर जुड्या टांगल्यात,” सुलू नवऱ्याकडे न बघता बोलत राहिली. “धुरात काळ्या झालेल्या. मी मघाशी बघितल्या. प्रत्येक जुडीला गाठी. एकीला एक, एकीला दोन, अशा सातापर्यंत. मी विचारलं तर म्हणाली, बांधापासून किती पावलं. एक गाठ म्हणजे बांधाला लागून. दर वर्षी त्यातल्या एकाच जुडीचं पेरते आणि बाकीच्या ठेवते, हे गेलं तर ते.”

“सोमीनं शिकवलं,” जिवली म्हणाली. “आमाला कुठं लिहाया येतं?”

साहेब वहीत भराभर लिहीत होते. कृष्णकांतने निळा नकाशा खिशात होता तिथे हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

मंदा बाबांकडे बघत होती. बाबा बांधाकडे बघत होते. मग मागे वळून काळ्या शेताच्या मधोमध, जिथे ते चाळीस वर्षं उभे राहिले होते तिथे. ते अंतर फार नव्हतं. दीडशे पावलं असतील. त्यांचे ओठ हलत होते. मंदाला वाटलं धाप लागली, ती वाकली.

“रीत बरोबर होती,” बाबा हळू म्हणाले. “निवडायचं, ठेवायचं, पेरायचं. सगळं बरोबर. उभा भलतीकडं ऱ्हायलो.”

“बाबा—”

“चाळीस वरसं, मंदे. जे लाडात वाढलं तेच निवडलं. आणि जे पायजे होतं ते तुज्या हातानं देऊन टाकलं.”

मंदाच्या हातात फॉर्म होता, खाली शाळेची वही धरलेली. सकाळपासून तिला वाटत होतं की निर्णय तिला घ्यायचा आहे. जिवलीचं नाव लिहायचं तर वडलांच्या डोळ्यांत बघून लिहावं लागेल. आता वडीलच तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत ती कर्ण्याच्या आणि केळ्यांच्या वेळची चमक होती, प्रयोग फसल्यावरची, खरी उत्सुकतेची. फक्त या वेळी त्या चमकेमागे पाणी होतं.

“लिही,” ते म्हणाले. “सहाव्यात. जिवली बुधा…”

“वळवी,” जिवली घाईने म्हणाली. “सोमीचं पण लिवा. सोमी नवशा वळवी. ती मेली, तरी लिवा.”

दीड इंचात दोन नावं बसत नव्हती. मंदाने दुसरं समासात लिहिलं, आणि तिचं सुंदर अक्षर आयुष्यात पहिल्यांदा फॉर्मच्या रेघेबाहेर गेलं.

“बाबा, आणि तुमचं?” प्रतापचा आवाज अगदी लहान मुलासारखा आला. “साहेब, बाबांचं कुठेच नाही येत का?”

साहेब भले माणूस होते. त्यांनी पान उलटलं. “हे आहे की. ‘मूळ बियाण्याचा स्रोत.’ तिथे घालता येईल.”

मंदाने तो रकाना सकाळी ‘स्थानिक’ असा भरला होता. ती ते खोडून पेन धरून थांबली. बाबांनी सांगितलं:

“लिही. आत्माराम गोविंद चुरी यांनी टाकून दिलेलं.”

“नाय,” जिवली म्हणाली.

ती पुढे आली. विळा आता तिने पुढे घेतला होता, तिच्याही नकळत. “टाकलेलं आमी उचलत नाय, शेट. कापणी केली तिची मजुरी ती. सासू दोन दोन दिस वाकायची त्याच्यासाटी. मी पोटुशी असताना कापलंय. टाकलेलं लिवू नका. मजुरी लिवा.”

हे चुऱ्यांच्या खारात उभं राहून, चुऱ्यांच्या थोरल्यासमोर, आजवर कुणी बोललं नव्हतं. कृष्णकांतने तोंड उघडलं. सुलूने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि ते मिटलं.

बाबांनी जिवलीकडे पाहिलं. मग मान हलवली, एखाद्या आकड्यातली चूक दाखवून दिल्यावर हलवायचे तशी.

“चूक झाली. मजुरी लिही.”

मंदाने लिहिलं. मूळ बियाण्याचा स्रोत: मजुरी. पुढे कंसात काही घालावं का, असं साहेबांच्या मनात आलं असावं. ते म्हणाले नाहीत.

शेवटी, अगदी खाली, ‘जमीनमालकाची सही’ होती. पाच वर्षं. मंदाने फॉर्म बाबांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचा हात धरू लागली. त्यांनी तो बाजूला केला आणि स्वतःच सही केली. अक्षर वाईट होतं, पहिल्यापासूनच वाईट. ‘चुरी’तला ‘री’ बांध फुटल्यासारखा फॉर्मच्या कडेपर्यंत वाहत गेला. चौदा वह्या मंदाच्या अक्षरात होत्या; स्वतःच्या हाताने त्यांनी लिहिलेलं हे एवढंच. साहेबांनी फॉर्म घेतला, फुंकर मारून शाई वाळवली आणि पिशवीत ठेवला. कृष्णकांत नकाशाची घडी न उलगडता बांधावर चढला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मुरब्याच्या दिशेला दोन होड्या दिसत होत्या. कुणी बोलावलं नव्हतं.

“जिवले,” बाबा म्हणाले. “एक मागू?”

“मागा ना, शेट.”

“दारावर त्या मोठ्या बांधल्यात, गोड्यातल्या. त्या उतरवतो. एक गाठवाली लोंबी दे मला. एकच. तोरणाला.”

जिवलीने बांधालगतच्या खुज्या भाताकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे. ती विचार करत होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. त्या चार-पाच हातांच्या पट्ट्यात किती लोंब्या आहेत हे तिला माहीत होतं.

“नाय, शेट,” ती म्हणाली. “ते बी हाय.”

प्रताप गोरामोरा झाला. बाबांच्या छातीतून आधी खरखर आली, मग हसू, मग खोकला, आणि खोकला थांबल्यावर त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. चेहऱ्यावर कमालीचं समाधान होतं.

“बघितलंस?” ते म्हणाले. “मी देऊन टाकलं असतं.”

परत निघायचं होतं. घर आता उजवीकडे होतं आणि खुर्ची उजवीकडे वळत नव्हती. प्रतापने दोनदा जोर लावून पाहिला. तिसऱ्यांदा चाकच निघेल असं दिसलं. साहेबांनी उचलून न्यायची तयारी दाखवली. बाबांनी ऐकलं नाही. मग सगळ्यांनी डावीकडूनच जायचं ठरलं, म्हणजे सात एकरांना पूर्ण फेरी घालून. दांडा जिवलीने धरला. बाबांना तिला विचारायचं होतं.

मेलेल्या शेताच्या कडेकडेने खुर्ची निघाली. मंदा मागून चालत होती. ऐकू येत होतं ते मधूनमधून, वाऱ्याबरोबर: बाबांचा प्रश्न, जिवलीचं उत्तर, पुन्हा प्रश्न. दोन गाठींचं कधी पेरलंस? कोरड्या वरसाला. आणि तीनचं? तीनचं उंदरांनी खाल्लं. मग काय केलंस?

“मंदे!” बाबांनी मागे न वळता हाक मारली. “वही हाय ना हातात? लिहून घे.”